मायक्रोस्पाइक्स: एका हिवाळ्यानंतरचा हिशोब

नोव्हेंबरच्या शेवटी घेतले, आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात एकवीस वेळा डोंगरावर गेले. सतरा वेळा हे पायात होते, चार वेळा सॅकमध्ये. त्या चारपैकी एकदा ते सॅकमध्ये राहिले हीच चूक होती. त्याबद्दल पुढे लिहितेच.

ज्यांनी हे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा, तळव्याखाली साखळ्या आणि साखळ्यांना पोलादी दाते. माझ्या जोडीत दर पायाला १२ दाते आहेत, प्रत्येक जेमतेम १ सेंटिमीटरचा. वजन दोन्ही मिळून ४०० ग्रॅमच्या आत, त्यामुळे बरोबर न नेण्याचं कारण सापडत नाही. क्रॅम्पॉन ही वेगळी जात. त्याचे दाते दुप्पट-तिप्पट लांब, चौकट धातूची आणि ती बुटाला आवळून बांधलेली. दोन्ही दुकानात शेजारी टांगलेले असले की फरक फक्त आकाराचा वाटतो. खरा फरक मला जानेवारीत कळला.

आधी कौतुक. पायवाटेवरचा बर्फ दिवसा वितळतो, पाणी वाटेवरूनच वाहतं आणि रात्री गोठून काच होते. सकाळी तिथून बुटांवर जाताना माणूस म्हातारा होतो: पाऊल चाचपत, हात हवेत, खांदे कानाला टेकलेले. स्पाइक्स चढवले की दहा पावलांत शरीर सैल पडतं. चालायची ढब मात्र बदलावी लागते. टाच आधी टेकवायची सवय सोडून अख्खा तळवा एकदम टाकायचा, म्हणजे सगळे दाते रुततात. पाय थोडे फाकवून चालायचं, नाहीतर एका पायाचा दाता दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो. माझी एक पँट त्यात गेली. उताराच्या वाटेवर ती अडकली असती तर फक्त पँटवर भागलं नसतं.

आता ते सॅकमध्ये राहिल्याचं. ऊन होतं, वाट कोरडी होती, मी मजेत चढत होते. एका वळणानंतर वाट डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला गेली. उत्तर गोलार्धात त्या बाजूला हिवाळ्यात ऊन जवळजवळ पोचतच नाही. चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं की ओला दिसणारा खडक ओला नाही, त्यावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा आहे. मग एका पायावर उभं राहून, हातमोजे काढून, थंडीने ताठरलेलं रबर बुटावर ओढायची कसरत. खाली उतार, बोटं बधिर. पाचव्या प्रयत्नात जमलं. तेव्हापासून वळणाच्या अलीकडे, सपाट जागी, गरज वाटायच्या आधीच चढवते. सोबतचे हसतात. हसू देत. आणि जोडी सॅकच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात.

जानेवारीचा प्रसंग जास्त गंभीर होता. वाट तीव्र उताराला आडवी कापत जात होती आणि वाटेचा सपाटपणा बर्फाने बुजवून टाकला होता, म्हणजे वाट उरलीच नव्हती, नुसता कडक उतार. अशा जागी सगळा भार तळव्याच्या वरच्या कडेवर येतो. रबर ताणलं जातं आणि बूट पट्ट्याच्या आत कलंडतो. माझा डावा बूट असाच कलंडला, दाते तळव्याखालून बाजूला सरकले. पडले नाही, बसले. मग त्याच पाऊलखुणांवर पाय ठेवत, उताराकडे तोंड करून, इंच-इंच मागे आले. दोष त्या जोडीचा म्हणता येणार नाही. ती अशा जागेसाठी बनलेलीच नाही, पण तिने मला तिथपर्यंत इतक्या आरामात नेलं होतं की ते मला जाणवलंच नाही. माझी मोठी तक्रार हीच: साधन चांगलं आहे, म्हणूनच फसवतं.

घरी येऊन गणित केलं. ३० अंशांच्या कडक बर्फावर घर्षण नाहीच असं धरलं, तर घसरलेल्या माणसाचा वेग तीन सेकंदांत ताशी ५० किलोमीटरच्या वर जातो आणि तोवर तो वीसेक मीटर खाली गेलेला असतो. ट्रेकिंग पोलने हे थांबत नाही. पोल तोल सांभाळतो, घसरगुंडी अडवत नाही. तिथे आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळीसारखी कुऱ्हाड) लागते, आणि ती वापरायची शिकलेली लागते. वेग धरायच्या आत, पहिल्या क्षणांतच तिचं चोचीसारखं टोक बर्फात दाबता आलं पाहिजे. मला अजून ते येत नाही, म्हणून मी तशा उतारावर जात नाही.

उतार मोजायला पोल मात्र कामाला येतात. सारख्या लांबीचे दोन घ्या. एक बर्फात सरळ उभा धरा, दुसरा त्याच्या बरोबर मध्यावरून वरच्या चढाकडे आडवा. आडव्याचं टोक जेमतेम उताराला टेकलं, तर उतार साधारण २७ अंशांचा. पूर्ण पोल मावायच्या आधीच टोक टेकलं, तर त्याहून तीव्र. माझी परतायची रेघ तीच. शिवाय ३० ते ४५ अंश हा हिमस्खलनाचा नेहमीचा पट्टा, आणि तिथे पायात काय आहे याला काही अर्थ उरत नाही.

किरकोळ गोष्टी. ओल्या, चिकट बर्फात साखळ्यांमध्ये गोळे अडकतात आणि दाते जमिनीला लागतच नाहीत. दर काही पावलांनी पोलने बुटाच्या कडेला टकटक करत राहावं लागतं. भुसभुशीत ताज्या बर्फात यांचा उपयोग शून्य. उघड्या खडकावर चालवल्याने पुढचे चार दाते बोथट झालेत, कारण दर शंभर पावलांनी काढ-घाल करायचा कंटाळा मीच केला. माप नेहमीच्या बुटांचं नको, जाड हिवाळी बुटांवर चढवून घ्या. उतरताना बसून घसरत जायची हौस असेल तर आधी हे काढा. दाता अडकला तर शरीर पुढे जातं आणि घोटा मागे राहतो.

परत घेईन का? हो, हीच. पण दाते बोथट झालेत हे फेब्रुवारीतल्या एका उतरणीवर पाय दोनदा सटकला तेव्हा दिसलं, घरी धुताना नाही. आता प्रत्येक फेरीनंतर पुसून, वाळवून, अंगठ्याने एकेक दाता चाचपून ठेवते. डाव्या पायाच्या साखळीची एक कडी उघडत चाललीय, ती पुढच्या थंडीआधी बदलायची आहे.