गुठळीनंतरचे गरोदरपण: वॉर्फरिनची गोळी की हेपॅरिनचे इंजेक्शन?

ज्या स्त्रीच्या पायाच्या खोल शिरेत एकदा रक्ताची गुठळी झाली आहे, तिला गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या 6 आठवड्यांत ती पुन्हा होण्याचा धोका वाढतो. गुठळी रोखण्यासाठी रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी स्वस्त आणि घ्यायला सोपी असली, तरी ती वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि गरोदरपणाच्या साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या काळात बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या वाढीत दोष निर्माण करू शकते. म्हणून दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना गाठणे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एनॉक्सापॅरिनसारखे कमी रेणुभाराचे (लहान रेणूंचे) हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे दुसरे औषध मात्र वार ओलांडत नाही. ते रोज पोटाच्या त्वचेखाली टोचावे लागते, तिथे काळेनिळे डाग पडतात, खर्चही बराच येतो. तरीही या काळात तेच योग्य. हेपॅरिनच्या प्रतिबंधक (गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या) मात्रेनंतर पाठीच्या मणक्यात भूल देण्यापूर्वी किमान 12 तास जावे लागतात, त्यामुळे कळा सुरू झाल्यासारखे वाटल्यास पुढचे इंजेक्शन घेण्याआधी रुग्णालयात विचारावे. बाळंतपणानंतर गोळीची अडचण उरत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला दोन्ही औषधे चालतात. फक्त वॉर्फरिन घेताना आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणी नियमित हवी आणि पालक, मेथीसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम कमीजास्त होऊ नये.