जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बंद पडलाय: केबल, सेन्सर की मीटर, पैसे नक्की कुठं घालायचे?

काटा हलायचा बंद झाला की आपल्याकडं दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे "मीटर गेलाय, भंगारातनं दुसरा आणून बसवू" आणि दुसरा म्हणजे "कशाला खर्च करताय, मोबाईल लावा की समोर". दोन्ही सल्ले देणाऱ्यानं गाडीखाली वाकून बघितलेलंच नसतंय. माझं म्हणणं सरळ आहे, मीटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण जुन्या गाडीत दोष बऱ्याचदा मीटरच्या अलीकडंच असतो आणि तो काही शे रुपयांत निघतो. मीटर उघडला की मात्र खर्च वाढतो आणि गाडीचा किलोमीटरचा हिशेबपण हातातनं जातो.

आधी तुमची गाडी कुठल्या प्रकारची ते ठरवा. जुनी मारुती 800, ओम्नी, पद्मिनी या केबलवाल्या गाड्या, म्हणजे गिअरबॉक्समधनं एक केबल थेट मीटरच्या पाठीमागं येते आणि चाकं फिरली की ती फिरते. नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्सवर स्पीड सेन्सर बसवलेला असतो, तो वायरीतनं पल्स (विजेचे ठोके) पाठवतो आणि मीटरमधलं सर्किट काटा हलवतंय. ओळखायची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचे आकडे, चाकावर फिरणारे छापील आकडे असतील तर बहुतेक केबल आणि डिजिटल डिस्प्लेवर असतील तर सेन्सर. अधेमधे अपवाद असतात म्हणून बॉनेट उघडून गिअरबॉक्सकडनं केबल वर जातीय की कपलर (वायर जोडायचा प्लग) लावलेली वायर जातीय ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

आता दोन्हीकडं पहिला प्रश्न एकच, काटा बंद आहे पण किलोमीटर पुढं सरकतात का? यावर निम्मं निदान होतंय आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. केबलच्या गाडीत केबल मीटरमध्ये शिरली की दोन कामं करते, एकीकडं छोट्या दात्यांवरनं आकडे फिरवते आणि दुसरीकडं एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाला वेढून ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला चिकटलेली नसते, पण चुंबक फिरला की वाटीत करंट तयार होऊन ती ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते, या ओढाताणीत काटा जिथं थांबतो तो तुमचा स्पीड. म्हणजे आकडे फिरतायत आणि काटा मेलाय, तर केबल ठणठणीत आहे आणि दोष मीटरच्या आत आहे. काटा चालतोय पण आकडे अडकलेत, तर आतली प्लास्टिकची दातेरी चाकं तुटली, आणि सोलापूरच्या उन्हात गाडी वर्षानुवर्षं बाहेर उभी असेल तर तो प्लास्टिक ठिसूळ होणारच. काटा आणि आकडे दोन्ही बंद, तर संशय केबलवर किंवा गिअरबॉक्समधल्या गरारीवर, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर.

सेन्सरच्या गाडीत हाच प्रश्न थोडा वेगळं उत्तर देतो. डिस्प्लेवर किलोमीटर वाढतायत आणि काटा पडलाय, तर सिग्नल मीटरपर्यंत पोचतोय, काट्याची छोटी मोटर किंवा तिथलं सोल्डर गेलंय. दोन्ही बंद आणि पेट्रोल, टेंपरेचरचे काटे व्यवस्थित, तर सेन्सर, वायर किंवा कपलर. आणि सगळेच काटे एकदम मेले किंवा एकदम थरथरायला लागले तर स्पीडोमीटरचा विषयच सोडा, आधी फ्यूज बघा आणि मग मीटरचं अर्थिंग बघा.

काटा पूर्ण बंद नसून नुसता विचित्र वागत असेल तर केबलवाली गाडी जास्त बोलकी. कमी स्पीडला काटा 0 ते 40 मध्ये नाचतोय आणि डॅशबोर्डमागनं किर्र किर्र आवाज येतोय म्हणजे केबल सुकलीय नाहीतर कुठंतरी मुरगळलीय, आणि नवीन म्युझिक सिस्टीम बसवून आल्यावर हे सुरू झालं असेल तर डॅशबोर्डमागं केबल दाबली गेलीय हे जवळजवळ पक्कंच. गाडी थांबली तरी काटा 20 वर अडकून बसतोय म्हणजे आत ग्रीस किंवा तेल शिरलंय नाहीतर स्प्रिंग थकलीय. सेन्सरच्या गाडीत खड्ड्यात आदळलं की काटा शून्यावर पडतो आणि परत उठतो, ही लूज कपलरची खूण. पावसाळ्यात सुरू झालं असेल तर कपलरमध्ये पाणी आणि हिरवा गंज, आणि गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेपण बघा. सेन्सर गेला की इतर लक्षणंपण दिसू शकतात, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा लाईट लागतो किंवा स्टिअरिंग जड होतंय, सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते, चेक इंजिन लागतो. एबीएसवाली (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमची) गाडी असेल आणि त्याच वेळी एबीएसचा लाईट लागला असेल तर चाकाच्या सेन्सरकडं आधी बघायला सांगा.

घरी तपासायच्या बाबतीत केबलची गाडी स्वस्त पडते कारण काही यंत्रच लागत नाही. मीटरच्या मागनं केबल सोडवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, पुढचं एक चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा (ओम्नी, पद्मिनीला मागचं चाक उचलायचं आणि दगड पुढच्या चाकांना) आणि हातानं चाक फिरवत दुसऱ्याला केबलचं टोक बघायला सांगायचं. फिरलं तर केबल पास, दोष मीटरमध्ये. नाही फिरलं तर केबल खालूनपण सोडवून ओढा, आतली तार अर्धीच बाहेर आली म्हणजे तुटलीय, अख्खी आली तर तिचं चौकोनी टोक बोटात धरून बघा, कोपरे घासून गोल झाले असतील तर ती खोबणीत नुसती सरकत राहते आणि काटा हलत नाही. तार चांगली असेल तर गिअरबॉक्समधली छोटी प्लास्टिकची गरारी दात सोडून बसलीय. एकच चाक उचललेलं असल्यामुळं डिफरन्शिअलमुळं (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरमुळं) केबल निम्म्याच वेगानं फिरते, तेव्हा हळू दिसली तर बिघडलीय असं समजू नका. इंजिन चालू करून, गिअर टाकून एक चाक हवेत फिरवायचा उद्योग मात्र कुणी करू नका, गाडी जॅकवरनं सटकली तर अंगावर येईल.

सेन्सरच्या गाडीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लागतो. बऱ्याच गाड्यांत तीन वायरींचा सेन्सर असतो, एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. इग्निशन ऑन करून सप्लाय येतोय का ते आधी बघायचं, मग कपलर लावलेलाच ठेवून चाक हळूहळू फिरवताना सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज वर-खाली होतंय का ते बघायचं. सप्लायच नाही तर सेन्सर बदलून उपयोग शून्य, वायरिंग शोधा. सप्लाय आहे, अर्थ आहे आणि सिग्नल ढिम्म, तर सेन्सर काढून त्याची गरारी फिरते का ते बघून मग नवीन घ्या. गाडीला ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा) असेल तर ब्लूटूथचा डोंगल लावून लाईव्ह डेटामध्ये स्पीड बघणं सगळ्यात सोपं, मोबाईलवर स्पीड दिसतोय आणि काटा मेलाय म्हणजे सेन्सर निर्दोष, दोष मीटरमध्ये किंवा तिथपर्यंतच्या वायरीत. पी0500 कोड आला तर स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच समजायचं, तो कोड "सेन्सर बदला" असं सांगत नाही, आणि दुकानात नेमका तोच अर्थ लावून सेन्सर विकला जातो. एक बारीक गोष्ट, केबलच्या काही इंजेक्शनवाल्या गाड्यांत मीटरच्या आतच छोटा रीड स्विच (चुंबकानं चालू-बंद होणारा) असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पीड तिथनं घेतो, म्हणून तिथं केबल तुटली तरी चेक इंजिन लागू शकतो.

आता पैशाचं. केबल काही शे रुपयांत येते, ती अख्खीच बदला, आतली तार तेवढी बदलून भागवायला गेलात की बाहेरच्या नळीतली जुनी घाण नवीन तारेला खाते. बसवताना ग्रीस खालच्या भागाला हलकं लावायचं आणि मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवायचं, नाहीतर फिरता फिरता ग्रीस वर चढून मीटरमध्ये जातंय आणि चांगला मीटर चिकटतो. जुनी केबल तेलानं चिंब निघाली तर गिअरबॉक्सकडचं ऑइल सील आधी बदलून घ्या. गरारी बदलताना दात मोजून तेवढ्याच दातांची घ्यायची, एखाद्या दाताचा फरक पडला तरी मीटर कायमचा खोटं बोलतो. सेन्सर केबलपेक्षा महाग, त्यात स्वस्तातली कॉपी आणि कंपनीचा यात बराच फरक असतो, इथं मी कंपनीचाच घ्या म्हणेन, पण त्याआधी कपलर साफ करून गाडी चालवून बघा.

मीटरच गेला असेल तर रिपेअर, जुना आणि नवीन असे तीन रस्ते. रिपेअर मला सगळ्यात पटतो, मीटरचं काम करणारा वेगळा कारागीर असतो, गॅरेजवाल्याकडनं त्याचा पत्ता घ्या, सोल्डर मारणं, काट्याची मोटर किंवा दातेरी चाकं बदलणं हे तो करतो आणि तुमचे किलोमीटर तुमच्याच मीटरवर राहतात. भंगारातला मीटर स्वस्त दिसतो, पण तो त्याच मॉडेलचा, त्याच व्हेरियंटचा, पेट्रोलला पेट्रोलचा असायला लागतो, काही गाड्यांत इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं सर्किट) मीटरशी जोडलेला असतो तिथं गाडी सुरूच होणार नाही. आणि त्यावर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात. टायमिंग बेल्ट, गिअर ऑइल, सगळ्याचा हिशेब त्या आकड्यावर चालतो, म्हणून जुन्या मीटरचा फोटो काढा, बदललेल्या दिवशीचे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या आणि गाडी विकताना ते बिल समोर ठेवा. मीटर बदललाय हे लपवून कमी किलोमीटर दाखवणं ही फसवणूकच आहे, घेणारा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून पोराबाळांना घेऊन रस्त्यावर जाणार असतो. नवीन मीटर जुन्या गाडीला मिळणंच अवघड आणि मिळाला तर काही हजारांत जातो, गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल तरच.

मोबाईलचा जीपीएस तात्पुरता चांगला, तपासणीसाठी तर उत्तम, पण कायमचा उपाय म्हणून मी सुचवणार नाही. ब्रेक मारला की आकडा मागं राहतो, उन्हात काचेला लावलेला फोन तापून बंद होतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 117 गाडीत चालू स्पीडोमीटर मागतो. खाजगी गाडी 15 वर्षांची झाली की आरटीओच्या (आपल्या सोलापूरच्या, एमएच-13) पासिंगला न्यावीच लागते, तिथं फोन दाखवून भागत नाही.

काटा चालतोय पण खोटा वाटतोय अशी केस असेल तर काही उघडायच्या आधी रस्त्यावर तपासा. सोलापूरजवळच्या बाळे गावाच्या पुढं पुणे हायवेला लागलात की सरळ रस्ता आहे, गाडी 60 ला स्थिर धरा, शेजारच्याला जीपीएस बघायला सांगा, चालवणाऱ्यानं फोनकडं बघायचं नाही. मीटर जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर सोडून द्या, गाड्या तशाच बनवतात. कमी दाखवत असेल तर गंभीर. मग किलोमीटरच्या दगडांवर 10 किलोमीटर जाऊन आकडे जुळवा. आकडे बरोबर आणि काटा चुकीचा, तर चुंबक-स्प्रिंगचा दोष, मीटरवाल्याकडं जा. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतायत, तर मीटर सोडा, टायर आणि गरारी बघा. मारुती 800 चा टायर 145/70 आर12, त्याजागी पुष्कळजण आल्टोचा 145/80 आर12 घालतात, त्याचा व्यास जवळजवळ 29 मिलिमीटरनं मोठा, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर फरक, काटा 60 वर असताना त्या टायरमुळं गाडी साधारण तीन किलोमीटरनं जास्त पळते. अशा गाडीचा मीटर कितीही वेळा रिपेअर केला तरी बरोबर येणार नाही, टायर योग्य साईजचे घाला.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारातच पैसे देऊन मोकळं होऊ नका, मेकॅनिकला शेजारी बसवून 40, 60 आणि 80 ला जीपीएसशी जुळवा, किलोमीटर सरकतायत का ते बघा, गाडी थांबवल्यावर काटा पूर्ण शून्यावर येतो का ते बघा, आणि मग बिल द्या.