कार्बन हिशेबाचं वार्षिक पॅकेज: सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी घ्यावं का?

नाशिक भागातल्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखानदारांसमोर सल्लागार मंडळी सध्या एक पॅकेज ठेवतात. वर्षभराचा हरितगृह वायूंचा हिशेब, कारखान्याला दोन भेटी, एक तयार एक्सेल शीट, शेवटी अहवाल आणि 'कॅप अँड ट्रेड'वर, म्हणजे उत्सर्जनाला मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री करण्याच्या पद्धतीवर, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. हे परीक्षण अशाच एका पॅकेजचं आहे. सल्लागाराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली सांगितलेल्या चुका अशा कुठल्याही पॅकेजमध्ये तपासून घ्यायला हव्यात.

आधी वीज, कारण इथल्या बहुतेक इंजिनिअरिंग युनिटचा मोठा आकडा तिथेच असतो. शीटमध्ये महावितरणचं बिल भरायचं आणि युनिटला सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. हा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीतला आहे, तो बरोबरच आहे. चूक होते ती रकान्यात. एप्रिल २०२० पासून एचटी म्हणजे उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (ओढलेल्या एकूण विजेवर) येतं आणि गुणांक मात्र केडब्ल्यूएचचा (प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचा) आहे. बिलावर दोन्ही आकडे छापलेले असतात, पण शीट भरणारा माणूस ज्या आकड्यावर पैसे लागले तोच उचलतो. वर्षाला १४,४०,००० केडब्ल्यूएच आणि पॉवर फॅक्टर (या दोन आकड्यांचं गुणोत्तर) ०.९६ असेल, तर केव्हीएएच होतात १५,००,०००. हिशेबात ४३ टन विनाकारण वाढले. वर्षभरात १६,००० लिटर डिझेल पिणाऱ्या जनरेटरचं उत्सर्जनही तेवढंच, कारण एका लिटरमागे २.६८ किलो. म्हणजे रकाना चुकला आणि कागदावर एक अख्खा जनरेटर उभा राहिला. शीटमध्ये या ठिकाणी साधी सूचनाही नाही.

छतावर सोलर असेल तर आणखी एक खोच. नेट मीटरिंगच्या बिलात सोलरची वीज आधीच वजा झालेली असते. ती शीटच्या 'नवीकरणीय' ओळीत पुन्हा वजा केली की तीच बचत दोनदा मोजली जाते.

डिझेल, एलपीजी आणि पाइपच्या गॅसचा भाग मात्र खरंच नीट केला आहे. खरेदीची बिलं आणि टाकीतली डिपची (पट्टी बुडवून मोजलेल्या पातळीची) नोंद दोन्ही मागतात. फक्त बिलांवर विसंबत नाहीत, हे आवडलं.

खरी कमजोरी आहे एसएफ-६ मध्ये, म्हणजे विजेच्या स्विचगिअरमध्ये भरायच्या विद्युतरोधक वायूत. नाशिकमध्ये स्विचगिअरचं मोठं काम चालतं, त्यामुळे इथे हा वायू बाजूला टाकून चालत नाही. एक किलो एसएफ-६ हवेत गेला की २३.५ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. पॅकेजची शीट फक्त 'वर्षभरात किती गॅस विकत घेतला' एवढंच विचारते. यात दोन्ही बाजूंनी फसगत आहे. ४०० किलो घेऊन ३९० किलो पॅनेलमध्ये भरून विकला, तर सगळी खरेदी उत्सर्जन धरल्यास ९,४०० टन होतात आणि हा आकडा हास्यास्पद आहे. उलट, ज्या वर्षी जुन्याच साठ्यावर काम भागलं, त्या वर्षी गळती शून्य दिसते. योग्य रीत अशी: वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवा, विकलेल्या उपकरणांत भरलेला आणि पुरवठादाराला परत गेलेला गॅस वजा करा, मग वर्षअखेरचा साठा वजा करा. उरतं ती गळती. त्यासाठी सिलिंडर काट्यावर चढवावा लागतो. कॉलरवर ठोकलेलं रिकामं वजन वजा करायचं आणि 'रिकामा' म्हणून परत जाणाऱ्या सिलिंडरचंही वजन घ्यायचं, कारण त्याच्या तळाशी गॅस उरलेलाच असतो. काटा १०० ग्रॅमने चुकला तर हिशेब २.३५ टनांनी चुकतो. दोन भेटींत कुणी काट्याचं कॅलिब्रेशन तपासलं नाही. ही आमची सर्वांत मोठी तक्रार.

आता प्रशिक्षण. 'कार्बन क्रेडिट विकून उत्पन्न' ही स्लाइड पाहून मालक खूश होतात आणि नेमकी तीच स्लाइड दुरुस्त करायला हवी. भारताची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद-लगदा या क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना उद्दिष्टं मिळाली. अंबडच्या मशिन शॉपला ती लागू नाहीत. शिवाय ती एकूण उत्सर्जनावर नाहीत, प्रति टन उत्पादनावर आहेत. उद्दिष्ट टनामागे ०.८० टन आणि प्रत्यक्ष ०.७६ आलं, तर एक लाख टन उत्पादनावर ४,००० प्रमाणपत्रं (टनाला एक) मिळतात, मग उत्पादन दुप्पट होऊन धूर वाढला असला तरी. उद्दिष्ट हुकलं आणि प्रमाणपत्रंही घेतली नाहीत, तर बाजारातल्या सरासरी किमतीच्या दुप्पट पर्यावरण भरपाई. स्लाइडमध्ये हे सगळं युरोपसारखी 'एकूण मर्यादा' म्हणून दाखवलं आहे. ते चूक आहे, आणि गुंतवणुकीचा निर्णय त्यावर घेतला तर महाग पडेल.

२०० किलोवॉट सोलरमधून वर्षाला साधारण २०० टनांची बचत होते. एवढ्याची क्रेडिटं मिळवण्यासाठी प्रकल्पनोंदणी आणि पडताळणीची फी परवडते का, हे आधी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

मापनावर एवढा भर का, याचं उत्तर खुद्द या बाजारांच्या रचनेत आहे. युरोपने २००५ मध्ये कार्बन बाजार सुरू केला तेव्हा कारखान्यांचे पडताळलेले आकडे हाताशी नव्हते, उत्सर्जनाचे परवाने अंदाजाने वाटले गेले. एप्रिल २००६ मध्ये खरे आकडे बाहेर आले, परवाने गरजेपेक्षा जास्त निघाले आणि भाव कोसळला. पुढच्या टप्प्यात ते परवाने नेता येत नव्हते, म्हणून २००७ अखेर किंमत जवळजवळ शून्यावर आली. आपल्या शेजारच्या सुरतने २०१९ मध्ये धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू केला, तो कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवून. तिथे उत्सर्जन २० ते ३० टक्के घटल्याचं अभ्यासात दिसलं. प्रशिक्षणात सुरतचं नावही निघत नाही, याची खंत वाटते. नाशिकच्या माणसाला समजेल असं त्याहून जवळचं उदाहरण नाही.

मग पॅकेज कुणी घ्यावं? युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांनी, पण दुरुस्ती करून घेऊन. ७३१८ या सीमाशुल्क कोडचा हा माल युरोपच्या सीमाशुल्क कार्बन नियमात (सीबीएएम) येतो आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर तिथल्या आयातदाराला मालामागच्या उत्सर्जनाचे पैसे मोजावे लागतात. वर्षाला ५० टनांपर्यंत असा माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट आहे, तेव्हा आपला ग्राहक कुठल्या बाजूला आहे हे आधी विचारून घ्या. पोलादी मालात सध्या तुमची वीज मोजली जात नाही, मात्र वायर रॉड (ज्यापासून नट-बोल्ट बनतात ती सळई) बनवताना पोलादाच्या गिरणीत झालेलं उत्सर्जन मोजलं जातं. शीटमध्ये गिरणीच्या आकड्याला रकानाच नाही. तो जोडायला लावा, नाहीतर ठरावीक चढे आकडे माथी बसतात.

वायनरींनी अहवालात एक गोष्ट बघावी: द्राक्षरसाच्या किण्वनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड जैविक असतो, तो वेगळा दाखवायचा, बेरजेत धरायचा नाही.

करार फेब्रुवारीच्या आत करा आणि पहिली भेट ३१ मार्चची मागा. त्या दिवशी मीटरचं वाचन, डिझेलची डिप आणि प्रत्येक सिलिंडरचं वजन एकाच वहीत उतरायला हवं. तो दिवस हुकला की वर्षअखेरचा साठा अंदाजाने भरावा लागतो, आणि तोच अंदाज पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा साठा होतो.