सात महिन्यांनंतर: 640×480 चा पडदा आणि एका ठिपक्याची रेषा

जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातातलं यंत्र घेऊन सात महिने झाले. त्यासोबत आलेलं बिननावाचं मेमरी कार्ड पाचव्या महिन्यात गेलं. लोगो येतो, पुढं काळोख. विकणाऱ्याचं उत्तर एकच: कार्ड वॉरंटीत येत नाही. इथं कोल्हापुरात राजारामपुरीत चांगलं 64 जीबीचं कार्ड मिळतं, पण जुन्याची कॉपी आधीच कॉम्प्युटरवर काढलेली असेल तरच त्याचा उपयोग. ती पहिल्याच दिवशी काढा. यंत्रही मेन्यूतूनच बंद करा. बटण दाबून धरलं तर सेव्ह फाइली खराब होऊ शकतात.

आता खरा मुद्दा. असलं यंत्र घ्यायचं ते जुन्या गेममधलं हाताने काढलेलं ॲनिमेशन बघायला. सेगाच्या जुन्या 'मेगा ड्राइव्ह' या गेमयंत्राचं चित्र 320×224 ठिपक्यांचं (पिक्सेलचं). दुप्पट केलं की 640×448, वर-खाली 16-16 ओळी काळ्या, बाकी प्रत्येक ठिपका जागच्या जागी. त्यासाठी 'इंटिजर स्केल' (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणारं सेटिंग) चालू ठेवा. 1993 चा 'अलादीन' हा गेम असाच बघावा. डिस्नेच्या चित्रकारांनी काढलेल्या हालचाली, त्याही पडद्यावर एका वेळी जेमतेम साठेक रंग असताना. 'मेटल स्लग' या गेममधला रणगाडा उडी मारून टेकला की रबरासारखा दबतो. नादखुळा काम!

घोळ होतो 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक' या मारामारीच्या गेममध्ये. त्याचं चित्र 384×224 चं. पडदाभर ताणलं की आडव्यात काही ठिपके 1 रुंद, काही 2. उभ्यात काही 2, काही 3. त्यातली लढवय्यी एलेना नुसती उभी असली तरी डुलत असते, आणि त्या डुलण्यात तिच्या दंडाची कडा जाड-बारीक होत राहते. चित्रकार बाबूराव पेंटरांच्या गावात एवढी रेषा खटकणारच.

पहिले तीन महिने दोष पडद्याचा वाटत होता. ते मत मागे घेतो, दोष सेटिंगचा होता. इथं 'इंटिजर स्केल' लावून भागत नाही: दुप्पट म्हणजे 768, ते 640 मध्ये मावत नाही, मग चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. साधं बायलिनियर (शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळणारं फिल्टर) लावलं तर सगळंच गढूळ. इंटिजर बंद, आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) 4:3 आणि 'शार्प बायलिनियर' शेडर (फक्त कडांपुरतं मिसळणारं फिल्टर), एवढं या गेमपुरतं सेव्ह करा. कडा किंचित मऊ होतात, पण रेषा एकसारखी राहते.

मेगा ड्राइव्हवरच्या 'सॉनिक' गेमच्या धबधब्यात उभ्या पट्ट्या दिसतात, तो बिघाड नाही. जुन्या टीव्हीच्या वायरीत त्या मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं.

दुकानात घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी एलेना लावा आणि दहा सेकंद फक्त तिच्या दंडाकडे बघा.