‘पाऊल सपाट आहे’ असं सांगून गळ्यात मारलेले बूट

बाळाचं पाऊल मोफत तपासून देतो, असं कुणी बुटांच्या दुकानात म्हणालं तर त्याआधी हे वाचून ठेवा. आम्हाला आधी भीती विकली गेली, मग बूट.

लेक नुकतीच धरून धरून चालायला लागली होती. घराबाहेर खाली सोडता येईल असे साधे, हलके बूट हवे होते, एवढीच आमची मागणी. दुकान फक्त लहान मुलांच्या पादत्राणांचं. एका कोपऱ्यात खालून उजेड येणारी काच, शेजारी संगणक आणि पांढरा कोट घातलेला एक तरुण. त्याने लेकीला काचेवर उभं करायला सांगितलं. मी तिला काखेत धरून उभं केलं, आणि पडद्यावर तिच्या तळव्याचं चित्र उमटलं. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं लालभडक, मध्ये कुठे मोकळी जागा नाही. त्याच्या बाजूलाच मोठ्या माणसाच्या पावलाचं चित्र, आतल्या अंगाला व्यवस्थित खाच असलेलं.

“मॅडम, कमान तयारच झालेली नाही. पूर्ण फ्लॅट फूट आहे. आत्ता काही जाणवणार नाही, पण पुढे गुडघे बिघडतात, मग कंबर, मग पाठ. तीन वर्षांच्या आत केलं तरच उपयोग.” मग त्याने तिचे पाय किंचित बाहेरच्या बाजूला वाकलेले दाखवले आणि म्हणाला, “बघा, सुरुवात झालेलीच आहे.”

हे ऐकल्यावर कुठले आईबाप शांत बसतील? उपाय अर्थातच त्याच्याकडे तयार होता. घोट्याच्या वरपर्यंत येणारे टणक बूट, आत कमानीच्या जागी रबराचा उंचवटा, खोक्यावर ‘डॉक्टरांनी प्रमाणित’ आणि ‘सीई’ असे दोन ठसठशीत शिक्के. शिवाय ‘कोर्स’ मध्येच तुटायला नको म्हणून पुढच्या मापांच्या जोड्यांचे पैसे आगाऊ. त्यातली एक मोठ्या मापाची जोडी त्याने लगेच बांधूनही दिली.

बूट घातले की लेक पाय उचलून आपटल्यासारखी चालायची. काढले की तुरुतुरु पळायची. दुकानात फोन केला तर “सवय होईपर्यंत असंच होतं” हे ठरलेलं उत्तर. मग पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा खाली आणि पुढे, बरोबर त्या उंचवट्याच्या जागी लाल चट्टा उठला. रात्री बूट काढल्यावर तो सकाळपर्यंतही जाईना, तेव्हा मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी ना काच वापरली ना संगणक. टेबलाच्या कडेला एक खेळणं ठेवलं. ते घ्यायला लेक चवड्यांवर उंच झाली, आणि त्यांनी मला खाली वाकून तिचे पाय बघायला सांगितलं. तळव्याखाली छोटीशी, पण स्पष्ट कमान होती! तिला टेबलावर बसवून पाय लोंबते सोडले, तरी कमान दिसली. टाच टेकवून उभी राहिली की गायब.

त्यांनी समजावलं ते असं. या वयात तळव्याच्या मधल्या भागात चरबीची गादी असते, सांधे बांधणारे बंध सैल असतात आणि पावलाच्या हाडांचा बराच भाग अजून कूर्चाच, म्हणजे हाड होण्याआधीचा लवचिक भागच असतो. मोठेपणी पावलात जी 26 हाडं मोजतात, त्यातली काही या वयात एक्सरेत दिसतसुद्धा नाहीत. कमान हळूहळू घडते. बहुतेकांची पाच-सहा वर्षांपर्यंत, काहींची दहाव्या वर्षापर्यंत. पायांचं वाकणंही वयाचंच. दोन वर्षांपर्यंत जरा फेंगडे, तीन-चारच्या सुमारास गुडघ्याला गुडघा लागणारे, आणि सातच्या आसपास सरळ.

म्हणजे त्या काचेवर वर्षाचं कुठलंही बाळ उभं करा, चित्र लालभडकच येणार. यंत्र खोटं नव्हतं. चलाखी होती ती शेजारी मोठ्या माणसाचं पाऊल लावण्यात. चवड्यावर उभं राहूनही कमान न दिसणं, पाऊल ताठ असणं, दुखणं, एका पायात आणि दुसऱ्यात ठळक फरक असणं, यातलं काही असेल तर दाखवायला जावं. पण डॉक्टरांकडे, दुकानात नाही.

नंतर मी यावर वाचायला लागले तेव्हा डोकंच फिरलं, कारण ही गोष्ट नवीन नाही. 1989 साली अमेरिकेत याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मऊ सपाट पावलाच्या, म्हणजे टेकल्यावर सपाट पण चवड्यावर कमान दिसणाऱ्या मुलांचे गट पाडून काहींना खास बूट नाहीतर आतले आधार दिले, काहींना काहीच दिलं नाही. तीन वर्षं पाहिलं, आणि खास बुटांचा वेगळा फायदा दिसला नाही. 1992 साली भारतातल्या 2300 मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास झाला. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पावलं 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. एवढ्यावरून बुटांनीच पाय बिघडतो असं मी म्हणणार नाही, पण टणक बुटाने कमान घडते हा दावा तर याच्यापुढे टिकत नाही.

आता खोक्यातल्या मालाबद्दल. सोलवर मापाचा चिकटवलेला कागद होता, 21. त्याची कड सुटलेली दिसली म्हणून नखाने ओढला, तर खाली साच्यातच उठवलेला आकडा निघाला: 19. युरोपीय मापात एका आकड्याचा फरक म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. दोन आकडे म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर. बाळाच्या सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एवढीच मोकळी जागा लागते, आणि नेमकी तीच या बुटात नव्हती. बांधून दिलेली ‘मोठ्या मापाची’ जोडी, जिच्यावर 22 चिकटवलं होतं, पहिलीच्या सोलला सोल लावून धरली. तसूभर फरक नाही. ‘अस्सल चामडं’ पुढच्या टोकाला सोलपटलं होतं आणि आत विणलेलं कापड दिसत होतं. सीईचं म्हणाल तर वस्तू युरोपातल्या नियमांत बसते असं सांगणारं ते चिन्ह खेळणी, वैद्यकीय उपकरणं, सुरक्षेची साधनं अशा ठरावीक वस्तूंसाठी असतं. रोजच्या बुटांना ते लागूच होत नाही.

हा धंदा चालतो कारण वापरणारं गिऱ्हाईक बोलत नाही. त्याचं पाऊल इतकं मऊ असतं की आखूड बुटातही निमूट मावतं. बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघण्यावरही विसंबू नका. दाब आला की बाळ बोटं आखडून घेतं आणि आपल्याला जागा असल्यासारखं वाटतं. घरीच संध्याकाळी बाळाला कागदावर उभं करा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलं आखा, मोठं असेल त्याच्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि ती बुटात सरकवून बघा. आतली गादी निघत असेल तर ती काढून त्यावर बाळाला उभं करा, करंगळी कडेबाहेर जाते का तेही कळतं. सोल चवड्याच्या जागी हाताने सहज दुमडला पाहिजे. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा माप घ्या, म्हणजे पुढच्या जोड्या आगाऊ घेण्यात किती अर्थ आहे ते आपोआप कळेल. घरात तर अनवाणीच बरं.

पैसे मागायला गेलो तेव्हा पांढरा कोट म्हणाला, “आम्ही फक्त सल्ला दिला, मॅडम.” बिलावर ‘मुलांचे बूट’ एवढंच होतं. फ्लॅट फूट, कोर्स, कमान, काही नाही. पडद्यावरच्या चित्राची प्रत मागितली तर ‘सिस्टीममध्ये राहत नाही’. तपासणी चालू असतानाच “हे निदान तुमच्या सहीने लिहून द्या” म्हटलं असतं तर सगळं नाटक तिथेच आवरलं असतं, असं मला आता वाटतं. तुम्ही म्हणून बघा. आमच्या हातात सिद्ध करता येण्यासारखी लबाडी एकच होती, मापाची. चिकटवलेला आकडा आणि खालचा आकडा, दोन्ही एका फोटोत घेतले, दोन जोड्या पट्टीशेजारी ठेवून आणखी एक फोटो काढला आणि लेखी तक्रार दिली. त्यावर न वापरलेल्या जोडीचे आणि आगाऊ भरलेले पैसे परत आले. पहिली जोडी ‘वापरलेली’ म्हणून तिचे पैसे त्यांनी नाकारले. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि चट्ट्याचा फोटो जोडून ग्राहक तक्रार केली आहे, निकाल यायचा आहे.