डबल ग्लेझिंगच्या खिडकीतून येणारा वारा: आठ महिन्यांनंतर

आम्ही लीड्समध्ये राहतो. घर १९३० च्या सुमाराचं, पण खिडक्या पीव्हीसीच्या, डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या. दोन काचांमधल्या चंदेरी पट्टीवर १९९८ साल छापलेलं आहे. गेल्या ऑक्टोबरात सासूबाई इस्लामपूरहून आल्या आणि त्यांना मागची, पश्चिमेकडची खोली दिली. तिसऱ्याच दिवशी सकाळी कानाला स्कार्फ गुंडाळून त्या खाली आल्या. "अगं, खिडकी बंद आहे ना? मग पडदा कसा हलतोय?"

खिडक्या बसवणाऱ्या एका कंपनीचा माणूस पाच मिनिटं बघून "सगळ्याच बदला" म्हणाला. आकडा ऐकला आणि त्यात आम्हा चौघांच्या दोन भारतवाऱ्या होतील एवढा हिशोब मनात करून मी त्याला चहा दिला नि वाटेला लावलं.

पहिला प्रयोग फसला, तो आधी सांगते. दुकानात मिळते ती चिकट फोमची पट्टी आणून चौकटीला चारी बाजूंनी लावली. जुन्या लाकडी खिडकीला ती चालते. पीव्हीसीच्या खिडकीत झडप, म्हणजे उघडणारा भाग, आधीच रबरावर दाबून बसते, तिथे आणखी काही मावायला जागाच नसते. हँडल दोन्ही हातांनी दाबावं लागायला लागलं आणि कुलपाची बाजू जरा उघडीच राहून वारा उलट वाढला. पट्टी निघाली, तिचा गोंद निघेना. शेवटी गोडेतेल चोळून, मग साबणाच्या पाण्याने पुसून काढला.

खरं निदान केलं ते सासूबाईंच्या मोगऱ्याच्या उदबत्तीने. वाऱ्याचा दिवस बघून सगळ्या खिडक्या बंद केल्या, हीटिंग बंद केलं आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फुल चालू ठेवला. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवली. काचेसमोर धूर नुसता शांतपणे खाली उतरत होता. ती फट नव्हे, गार काचेला लागून हवा जड होते आणि खाली घसरते. तिला जाड पडदा हाच उपाय. कुलपाच्या बाजूला धूर थोडा हलला. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र आडवा झाला. आणि जिथे मी बघितलंही नसतं तिथे, म्हणजे खिडकीखालच्या फळीच्या पोटाशी, सरळ तोंडावर आला. (वरच्या मजल्यावरचा स्मोक अलार्म वाजला, तेव्हा मुलाने टाळ्या वाजवल्या.)

कुलपाच्या बाजूचं काम फुकटात झालं. झडपेच्या कडेला अळंबीच्या आकाराचे छोटे रोलर असतात, त्यांचा आस मध्यावर नसतो. चार मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) ते थोडे फिरवले की खिडकी जास्त दाबून बसते. कागदाची पट्टी फटीत धरून खिडकी लावायची. कागद सहज ओढला गेला तर ढिली, ओढताना अडला तर बरोबर. एकदम पूर्ण फिरवू नका, हँडलवर ताण येतो.

बिजागरीच्या बाजूला असे रोलर नव्हते, तिथे बिजागरीच झडपेला ओढून धरते. ती सव्वीस वर्षांत झिजलेली. नवी मागवताना लांबी मोजली, पण बंद बिजागरीची जाडी मोजायची असते हे मला कुठे ठाऊक! १३ मिलिमीटरची आली, लागत होती १७ ची. आठवडा गेला. दुसऱ्या खेपेला यांनी आतून झडप धरली आणि मी स्क्रू काढले. वरच्या मजल्यावर हे काम एकट्याने करायच्या भानगडीत पडू नये, काच चांगलीच जड असते.

रबर सर्वांत शेवटी बदललं. जुन्याचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून तसाच आकार शोधला. खाचेत बसवताना रबर ओढायचं नाही, हे मला वाचून कळलं होतं. तरी एका बाजूला हात आवरला नाही. जानेवारीत तिथेच रबर आकसलं आणि कोपऱ्यात तीन मिलिमीटरची फट पडली. तेवढी बाजू परत केली. नवीन रबर कोमट पाण्यात ठेवलं तर मऊ पडतं. जोड वरच्या मध्यावर घ्यायचा, खाली घेतला तर पाणी मुरतं.

फळीखालची फट रंगकामवाले वापरतात त्या ॲक्रिलिक सीलंटने भरली. बाहेरून सिलिकॉनची नळी फिरवताना चौकटीच्या तळाशी असलेली बारीक छिद्रंही बुजवणार होते, पण शेजारचे आजोबा कुंपणावरून ओरडले. ती पाणी बाहेर जायला असतात.

डिसेंबरातल्या डॅरा वादळाच्या रात्री पडदा जागचा हलला नाही. सासूबाईंचा स्कार्फही सुटला. फेब्रुवारीत मात्र नवंच प्रकरण. सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं आणि कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले. वारा बंद करायच्या नादात मी वरच्या चौकटीतल्या वायुवीजनाच्या झडपांवरही टेप लावली होती. घरात एवढी माणसं, रेडिएटरवर वाळणारे कपडे, रोजचा कुकर. "भातावर झाकण ठेवल्यासारखं केलंस घर," म्हणाल्या सासूबाई. टेप काढली, त्या वायुवीजनाच्या झडपा उघडल्या, कपडे वाळवायची जागा बदलली. दोन आठवड्यांत काचा कोरड्या.

गॅसच्या बिलात जादू झालेली नाही, थोडाच फरक आहे. फरक पडला तो खोलीच्या वापरात. मुलाचं टेबल परत खिडकीखाली गेलंय आणि तिथे आता कोणी पायांवर पांघरूण घेत नाही. एका खिडकीला रबर, बिजागऱ्या, सीलंट धरून चाळीस पौंडांच्या आसपास खर्च आला. त्यात चुकीच्या बिजागऱ्यांचे पैसे धरलेले नाहीत. पाचपैकी चार गुण देईन. उरलेला एक फोमच्या पट्टीने घालवला.

पुढच्या खोलीची खिडकी बाकी आहे. तिच्या बिजागऱ्या आणून ठेवल्यात, या वेळी जाडी मोजून.