टोरांटोत एकच दिवस: सीएन टॉवर की कासा लोमा?

उन्हाळा लागला की टोरांटोला लागून असलेल्या आमच्या मिसिसागाच्या घरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. आई-बाबा, सासूबाई, एकदा नाशिकची मावशी आणि तिच्या भिशीतल्या दोघी. कार्यक्रम ठरलेला: एक दिवस नायगारा, एक दिवस खरेदी, आणि उरलेल्या दिवशी "आता तुमचं टोरांटो दाखव." पहिल्या वर्षी मी उत्साहाने सीएन टॉवर हा उंच मनोरा आणि कासा लोमा हा जुना वाडा, अशी दोन्ही मोठी तिकिटं एकाच दिवसाची काढली. दुपारी तीनला कासा लोमाच्या दुसऱ्या मजल्यावर बाबा थकून एका खुर्चीत टेकले. ती खुर्ची प्रदर्शनातली होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, दिवसाला तिकीट एकच.

मग कोणतं काढायचं? पैशावरून निकाल लागत नाही, कारण दोन्हीकडे मोठ्या माणसाला साधारण ४० डॉलर किंवा त्याहून जास्तच पडतात. बघायचे ते गुडघे, आभाळ आणि पाहुण्याचा स्वभाव.

गुडघ्यांपासून सुरुवात करू. ऐकायला उलटं वाटेल, पण ५५३ मीटर उंचीचा टॉवर ज्येष्ठांना सोपा जातो. आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर. असे सहा एकावर एक रचले तरी याच्या टोकाला पोचत नाहीत. तरी वर जायला लिफ्टला मिनिटभरही लागत नाही, आणि युनियन स्टेशनपासून टॉवरपर्यंत बराचसा रस्ता बंदिस्त असल्यामुळे थंडी-पावसाचा त्रास नाही. कासा लोमा त्यामानाने बुटका, पण तिथे पाय बोलायला लागतात. ड्युपॉन्ट स्टेशनवरून चालत गेलात तर वाटेत बॉल्डविन स्टेप्स लागतात, ११० पायऱ्या. आत लिफ्ट आहे, पण वाड्याच्या मनोऱ्यांवर जायचं तर अरुंद गोल जिनेच चढावे लागतात. सासूबाईंना आम्ही टॅक्सीने थेट दारात उतरवलं आणि मनोऱ्याचा विषयच काढला नाही.

आभाळाचं गणित याच्या बरोबर उलट. ढग खाली उतरले की टॉवरवरून पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. वेळेचं तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवणारे इथे फसतात. माझं ऐकाल तर आदल्या रात्री अंदाज बघा, सकाळी उठून खिडकीतून टॉवरचा शेंडा दिसतोय का ते बघा, मगच पैसे भरा. कासा लोमाला पावसाने काही फरक पडत नाही. फक्त तिथे लग्नं आणि समारंभ असतात, म्हणून त्या दिवशीची वेळ तपासून निघा.

टॉवरवर करायचं काय? ३४२ मीटरवर काचेची जमीन आहे, १९९४ पासून. आईने आधी चपलेचा अंगठा टेकवून पाहिला, मग निऱ्या मुठीत धरून एक पाऊल टाकलं, आणि खाली मुंगीएवढी बस सरकताना दिसली तशी "अगंबाई" म्हणत मागे आली. शेजारी एक चार वर्षांचा पोरगा त्याच काचेवर पालथा पडून हसत होता. फिरत्या हॉटेलात जेवायचं ठरवलंत तर ठरावीक दराच्या जेवणात वर जाण्याचा खर्च धरलेला असतो. जेवण महाग आहे, पण ७२ मिनिटांत बसल्या जागी सगळं शहर फिरून होतं. धाडसी मंडळींसाठी बाहेरच्या कठड्यावरून दोरीला बांधून चालायची सोयही २०११ पासून आहे. आमच्यात अजून कोणी नाव काढलेलं नाही.

बाबांना मात्र काचेपेक्षा टॉवर का बांधला तेच जास्त आवडलं. साठच्या दशकात टोरांटोत एकामागून एक उंच इमारती उठल्या आणि टीव्हीचे सिग्नल त्यांच्यावर आपटून घरोघरी पडद्यावर भुतासारखी दुहेरी चित्रं दिसायला लागली. म्हणून सीएन या रेल्वे कंपनीने सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल असा मनोरा उभारला. १९७३ ला काम सुरू, १९७६ ला लोकांसाठी खुला. टोकाच्या अँटेनाचे तुकडे 'ओल्गा' नावाच्या हेलिकॉप्टरने वर नेऊन बसवले. गच्चीवर अँटेना फिरवत "आलं का?" म्हणून ओरडलेल्या माणसाला याची गंमत वेगळी सांगावी लागत नाही.

तरी खरं सांगायचं तर टॉवरवर तासाभरात "बघून झालं" होतं. कासा लोमात तसं होत नाही, कारण तिथे गोष्ट आहे.

सर हेन्री पेलाट हा विजेच्या धंद्यातला बडा माणूस. नायगाऱ्याच्या पाण्यावर वीज काढून ती टोरांटोला आणणाऱ्यांतला एक. त्या कंपनीची दगडी इमारत धबधब्याजवळ अजून उभी आहे, आदल्या दिवशी नायगाऱ्याला जाणार असाल तर पाहुण्यांना जरूर दाखवा. हेन्रीसाहेबांनी आधी पागा बांधली, महोगनी लाकडाची, प्रत्येक घोड्याच्या ठाणावर त्याचं नाव. मग १९११ ते १९१४ मध्ये वाडा: ९८ खोल्या, सुमारे ३५ लाख डॉलर खर्च. अभ्यासिकेत शेकोटीशेजारी भिंतीत लपलेला जिना आहे, आणि वाड्यापासून पागेपर्यंत लांबलचक भुयार. पण वीज सरकारने हातात घेतली, कर्ज देणारी बँक १९२३ मध्ये बुडाली, आणि दहा वर्षंही न राहता कुटुंबाला बाहेर पडावं लागलं. तळघरातला पोहण्याचा तलाव अर्धवटच राहिला. पुढे १९३३ साली २७,३०३ डॉलर घरपट्टी थकली म्हणून शहराने वाडा ताब्यात घेतला. मावशी तलावाच्या त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहून म्हणाली, "बडा घर पोकळ वासा, तो हा." दुसऱ्या महायुद्धात इथे पाणबुड्या शोधायची सोनार यंत्रं गुपचूप बनवली जात होती, हे ऐकल्यावर तिच्या दोघी मैत्रिणी पुन्हा भुयारात गेल्या.

वाड्याचा वास्तुरचनाकार ई. जे. लेनक्स. डाउनटाउनमधली १८९९ ची जुनी सिटी हॉल त्याचीच. तिथे वळचणीखाली त्याने स्वतःचं नाव दगडात कोरून घेतलंय, जाता-येता मान वर करून बघा, पैसे पडत नाहीत.

फुकटात म्हणाल तर कासा लोमाच्या समोरच स्पॅडायना म्युझियम आहे, १८६६ चं घर, सर्वसाधारण प्रवेशाला तिकीट नाही. डिस्टिलरी डिस्ट्रिक्टही संध्याकाळी पाय मोकळे करायला छान: लाल विटांचे जुने दारूचे कारखाने, गाड्यांना बंदी, आणि कॉफी भलतीच महाग.

माझं मत विचाराल तर टॉवर चढण्यापेक्षा बघण्यात जास्त मजा आहे, आणि तो सगळ्यात देखणा दिसतो शहरासमोरच्या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीतून. टॉवरच्या तिकिटाच्या मानाने बोटीचं भाडं किरकोळ. बोट धक्क्यावरून सुटली की मागच्या कठड्याशी जागा पकडायची. पाच मिनिटांत सगळं शहर एका चौकटीत बसतं आणि मधोमध टॉवर. शनिवार-रविवारी रांग मोठी असते, सकाळची बोट धरा. म्हणून पाहुणे धडधाकट असतील तर मी तिकिटाचे पैसे कासा लोमाला देते आणि टॉवर पाण्यावरून दाखवते. गुडघे कुरकुरत असतील आणि आभाळ निरभ्र असेल, तर मात्र निमूटपणे लिफ्टच्या रांगेत उभी राहते.

येत्या ऑगस्टमध्ये नणंद येतेय, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. भुयार, लपलेला जिना, घोड्यांची नावं. त्याच्यासाठी कासा लोमाच ठरवून टाकलंय. नणंदेला अजून सांगितलेलं नाही. तिच्या यादीत पहिलं नाव टॉवरचं आहे.